दाताचा वाफसा

गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याहून आणलेल्या चिक्कीने माझ्या दाढेवरची कॅप उचकटून काढली. कॅप चिक्कीत रुतलेली, चिक्की हातात आणि जीभ त्या रिकाम्या, बुटक्या खुंटावर पुन्हा पुन्हा जाणारी, अशा अवस्थेत मी दवाखाना गाठला. कागदाच्या पुडीतली कॅप डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली आणि म्हणालो, ‘या वेळी जरा भारीतला गोंद लावा.’ त्या हसल्या. ‘गोंद भारीतलाच असतो हो. तो कशावर लावायचा, ते आधी बघावं लागतं.’

मग पाऊण तास माझं तोंड उघडं होतं. त्यातली प्रत्यक्ष चिकटवण्याची मिनिटं जेमतेम पाच. बाकी सगळा वेळ घासणं, धुणं, काहीतरी चोळणं, फुंकर मारणं आणि थांबणं. बोलता येत नव्हतं, म्हणून प्रश्न मनातच साठले. त्यांची उत्तरं नंतर शोधली, तेव्हा लक्षात आलं की बाईंच्या त्या एका वाक्यात गेल्या सत्तर वर्षांचं दंतशास्त्र आहे.

हे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. सायकलचा पंक्चरवाला सोल्युशन लावण्याआधी ट्यूब खरवडून घेतो, आणि सोल्युशन लावल्यावर लगेच ठिगळ ठेवत नाही, जरा सुकू देतो. कल्हईवाला भांडं तापवतो, पण नवसागर टाकल्याशिवाय कथील पितळेला धरतच नाही. चिकटणं ही दोन वस्तूंमधली गोष्ट आहे, गोंद मधला दलाल. दातांच्या बाबतीत पंचाईत एवढीच, की ही दुरुस्ती सतत ओल्या असलेल्या जागी करायची. तिथे जीभ वळवळते आहे, लाळ पाझरते आहे. वर दुरुस्तीनंतर त्याच जागी गरम चहा, त्यामागून आइस्क्रीम आणि दाढेखाली पन्नास-साठ किलोंचा दाब.

चिकटवता येत नव्हतं तेव्हा दंतवैद्य काय करत? अडकवत. दातात ‘चांदी’ भरून घेतलेली पिढी अजून आपल्या घराघरात आहे. ही चांदी म्हणजे चांदी, कथील, तांबं यांची पूड आणि पारा यांचं मिश्रण. ती दाताला मुळीच चिकटत नाही. ती बसून राहावी म्हणून खड्डा रांजणासारखा कोरायचा, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद. किडलेला भाग हरभऱ्याएवढा असला, तरी हा आकार साधण्यासाठी चांगला दात कोरून काढावा लागे. अमेरिकेतले जी. व्ही. ब्लॅक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे कोरीवकाम नियमांत बांधलं, आणि पुढे कीड लागू नये म्हणून शेजारच्या निरोगी खाचाही खड्ड्यात घ्याव्यात, असं सांगितलं. त्या काळातल्या साहित्याकडे बघता ते शहाणपणाचंच होतं. पण हिशेब बघा: दुरुस्तीसाठी दाताचा बळी. कॅपचंही तेच. पूर्ण कॅप बसवायची तर दाताच्या वर दिसणाऱ्या भागातला ६० ते ७० टक्के ऐवज घासून जातो. सुळसुळीत खुंट आणि त्यावर घट्ट टोपी, मध्ये सिमेंट फक्त फट बुजवायला. खुंट उंच असला तर टोपी टिकते. माझा बुटका होता.

हा हिशेब पालटायला सुरुवात झाली ती १९५५ साली, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. कोडॅक कॅमेऱ्याचे जनक जॉर्ज ईस्टमन यांच्या देणगीतून तिथे दातांचा एक मोठा दवाखाना उभा राहिला होता. तिथले संशोधक मायकेल बुओनोकोर यांच्या डोक्यात एक गोष्ट होती. कारखान्यांत धातूच्या पृष्ठभागाला फॉस्फोरिक आम्ल लावतात, मग त्यावर रंग धरतो. दातावर का लावू नये? त्यांनी ८५ टक्के तीव्रतेचं फॉस्फोरिक आम्ल माणसांच्या दातांवर ३० सेकंद लावलं, धुतलं, वाळवलं आणि त्यावर ॲक्रिलिकचे थेंब चिकटवले. आम्ल न लावलेल्या दातांवरचे थेंब काही तासांत गळून पडले. आम्ल लावलेल्यांवरचे कित्येक आठवडे टिकले.

याचं कारण इनॅमलच्या घडणीत आहे. इनॅमल म्हणजे दाताचं वरचं पांढरं कवच. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज, शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. ते लाखो सूक्ष्म दांड्यांचं बनलेलं असतं, एकेक दांडी साधारण ५ मायक्रॉन जाडीची. आम्ल या दांड्यांचे काही भाग जास्त विरघळवतं, काही कमी. गुळगुळीत जात्याला टाकी लावल्यासारखं होतं, फक्त ही टाकी डोळ्यांना न दिसणारी. मग त्यावर पातळ राळ सोडली की ती त्या खळग्यांत उतरते, तिथेच घट्ट होते आणि हजारो मुळं रोवून बसते. आज ३७ टक्क्यांच्या आसपासचं आम्ल, बहुधा निळ्या जेलच्या रूपात, १५ ते ३० सेकंद लावतात. धुऊन वाळवलं की इनॅमल खडूसारखं पांढरट, निस्तेज दिसतं. ते तसं दिसलं की डॉक्टर खूश होतात. (कोला पेयांतही हेच आम्ल असतं, फार सौम्य प्रमाणात. तिथे मात्र नंतर कुणी राळ भरायला येत नाही.)

मुलांच्या दातांवर तारा बसवतात, ती याच शोधाची देणगी. आधी प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं ठोकून बसवत. साठच्या दशकापासून छोटे चौकोनी तुकडे थेट दातावर चिकटवायला सुरुवात झाली.

आपल्याकडे यात एक अडचण आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. त्या इनॅमलचा वरचा थर फ्लोराइडमुळे आम्लाला सहजी दाद देत नाही. म्हणजे ज्याला डाग झाकायला वरून पापुद्रा चिकटवून घ्यायची सगळ्यांत जास्त गरज, त्याच्याच दातावर चिकटवण्याची पहिली पायरी अडखळते. तिथे डॉक्टर वरचा थर हलकेच घासून घेतात किंवा आम्ल जास्त वेळ ठेवतात.

तरीही इनॅमल सरळ स्वभावाचं. कोरडं करा, टाकी लावा, चिकटेल. खरा अवघड गडी त्याच्या आत आहे.

दाताचा मुख्य देह डेंटिनचा. त्यात वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय पदार्थ (त्यातलं बहुतेक कोलॅजेन, म्हणजे आपल्या कातडीत आणि हाडांत असतं तेच धाग्यासारखं प्रथिन) आणि उरलेलं पाणी. शिवाय डेंटिन भरीव नाही. दाताच्या आतल्या नसेपासून बाहेरच्या बाजूला अतिसूक्ष्म नळ्या येतात. इनॅमलच्या जवळ चौरस मिलिमीटरमध्ये वीसेक हजार, नसेजवळ पंचेचाळीस हजारांहून जास्त. त्यांत द्रव असतो आणि तो किंचित दाबाने बाहेर झिरपत राहतो. बर्फाचं पाणी लागल्यावर कळ येते ती या द्रवाच्या हालचालीमुळे. स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रॉम यांनी साठच्या दशकात हे दाखवून दिलं. थोडक्यात, इनॅमल म्हणजे कातळ आणि डेंटिन म्हणजे झऱ्याची जमीन. त्यात ड्रिल फिरलं की खरवडलेला भुगा एक-दोन मायक्रॉनच्या थराने पृष्ठभागावर लिंपला जातो. त्यावर गोंद लावणं म्हणजे धुळीवर पोस्टर चिकटवणं.

या प्रश्नाला पहिला हात घातला झुरिचमध्ये काम करणाऱ्या ऑस्कर हॅगर या रसायनतज्ज्ञाने, बुओनोकोर यांच्याही आधी, १९४९च्या सुमारास. त्यांनी असा रेणू बनवला की ज्याचं एक टोक आम्लाचं आणि दुसरं राळेत मिसळणारं. कल्पना नामी होती, पण त्या काळातली जोडणी पाण्यापुढे टिकत नसे, आणि दंतवैद्य ती विसरून गेले. हा रेणू लक्षात ठेवा, पुढे त्याचे भाऊबंद भेटणार आहेत.

मग आम्ल डेंटिनलाही लावावं का? अमेरिकेत आणि युरोपात याला ठाम नकार होता. आम्ल नळ्यांतून आत जाईल आणि नस मरेल, ही भीती. जपानमध्ये टोकियोच्या वैद्यक व दंत विद्यापीठातले ताकाओ फुसायामा यांनी मात्र १९७९ साली इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर आम्ल लावून भरलेल्या दातांचे निष्कर्ष मांडले. नसा मेल्या नाहीत. नसेचा खरा शत्रू आम्ल नव्हतंच, सुटलेल्या फटीतून आत शिरणारे जंतू होते. पश्चिमेला हे पचायला दहा-बारा वर्षं लागली. फुसायामांचं आणखी एक मोठं काम म्हणजे किडीचे दोन थर वेगळे करून दाखवणं. बाहेरचा, जंतूंनी पोखरलेला भाग काढायचा. आतला, नुसता मऊ पडलेला, सावरू शकतो, तो ठेवायचा. ओळखायला लाल रंग लावायचा. चिकटवता येतं म्हटल्यावर कमी कोरण्याची बुद्धी अशी आपोआप सुचते.

त्याच टोकियोतले नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ साली हे चिकटणं नेमकं काय असतं ते दाखवलं. आम्लाने डेंटिनच्या वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज विरघळतं आणि कोलॅजेनच्या धाग्यांचं उघडं जाळं उरतं. राळ त्या जाळ्यात भिनते आणि तिथेच घट्ट होते. तयार होतो तो थर ना निव्वळ दात, ना निव्वळ राळ. नाकाबायाशींनी त्याला संकरित थर म्हटलं. आपल्याला संकरित ज्वारी माहीत आहे, हा संकर सजीव आणि प्लास्टिकचा. आजच्या बहुतेक चिकट दुरुस्त्या या केसाहून कितीतरी पातळ थरावर तोललेल्या असतात.

आता या जाळ्याची खोड बघा. ओढ्याच्या पाण्यात शेवाळाचे तंतू मोकळे, पसरलेले दिसतात. तेच हाताने वर काढा, चिकट गोळा होतो. कोलॅजेनचं तसंच. खनिजाचा आधार गेल्यावर त्याला पाणीच उभं धरून ठेवतं. डॉक्टरांनी आम्ल धुतलं आणि सवयीने हवेचा जोरदार झोत मारून डेंटिन खडखडीत वाळवलं की जाळं बसतं आणि राळेला आत वाट राहत नाही. वरून भरलेलं सुंदर दिसतं, पण आतल्या नळ्या उघड्याच राहतात आणि रोगी दुसऱ्या दिवशी ‘गार लागतंय’ म्हणत परत येतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले दंतवैद्य जॉन कांका आणि इतरांनी मांडलं, की डेंटिन ओलसर ठेवूनच चिकटवा. मग गोंदात ॲसिटोन किंवा अल्कोहोल घालायचं. ते पाण्यात मिसळून त्याचा पाठलाग करत जाळ्यात शिरतं, बरोबर राळेला नेतं, आणि पाणी घेऊन उडून जातं.

पण ओलसर म्हणजे किती? डबकं साचलं तरी राळ पातळ पडते, त्यात थेंब अडकतात. पुस्तकात याला माप देता येत नाही. मला यासाठी एकच शब्द सुचतो, आपल्या शेतकऱ्यांचा: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर जमीन चिखलही नाही आणि ढेकूळही नाही, अशी पेरणीजोगी होते ती वेळ. ती डोळ्याला आणि पायाला कळते, यंत्राला नाही. डेंटिनचा पृष्ठभाग नुसता चकाकतो, पाणी हलताना दिसत नाही, तेव्हा त्याला वाफसा आलेला असतो. तोंडाच्या मागच्या कोपऱ्यात, आरशातून बघत, काही सेकंदांत हे ओळखायचं. दोन डॉक्टरांचा एकच माल दोन वेगळे निकाल देतो, याचं हे एक कारण.

कारागिराच्या नजरेवर एवढं काही अवलंबून असणं उद्योगाला सोसत नाही. त्यावरचा तोडगाही जपानमधूनच आला. कुराशिकी गावात १९२६ साली कृत्रिम रेशीम बनवायला निघालेली कुरारे ही कंपनी सत्तरच्या दशकात दातांच्या गोंदात शिरली आणि ऐंशीच्या दशकात तिने एमडीपी नावाचा रेणू आणला. हॅगरच्या रेणूचा हा पुतण्या शोभावा असा. एका टोकाला फॉस्फेट, मध्ये दहा कार्बनची साखळी, दुसऱ्या टोकाला राळेत गुंफला जाणारा भाग. फॉस्फेटचं टोक स्वतःच सौम्य आम्ल असतं, म्हणून वेगळं आम्ल लावून धुवायची गरज नाही. ते भुग्याच्या थरातून वाट काढतं, खनिज थोडंसंच विरघळवतं आणि उरलेल्या खनिजातल्या कॅल्शियमशी रासायनिक नातं जोडतं. हे क्षार पाण्यात सहजी विरघळत नाहीत. नुसती मुळं रोवण्यापेक्षा ही सोयरीक जास्त टिकाऊ. धुणंच नसल्यामुळे वाफशाची परीक्षाही बरीचशी टळते.

सौम्य आम्लाचा तोटा उघड आहे: ते इनॅमलवर पुरेशी टाकी लावत नाही. म्हणून आज अनेक डॉक्टर कडेच्या बांधावर, म्हणजे फक्त इनॅमलवर, जहाल फॉस्फोरिक आम्ल लावतात आणि आतल्या शेतात सौम्य रेणूलाच काम करू देतात. मला विचाराल तर एवढ्या वर्षांच्या वादावादीतून निघालेली ही सगळ्यांत समंजस तडजोड आहे.

बाजाराची गोष्ट वेगळी. गोंदांच्या ‘पिढ्या’ मोबाइलसारख्या मोजल्या जातात, चौथी, पाचवी, सातवी, आणि प्रत्येक पिढीत बाटल्या कमी होतात. तीनाच्या दोन, दोनाची एक. बाटली कमी म्हणजे गुण जास्त, असं मात्र झालं नाही. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी वर्षानुवर्षं रुग्णांच्या तोंडातले निकाल गोळा केले, त्यांत जुने तीन बाटल्यांचे आणि दोन बाटल्यांचे काही संच अजूनही मानाने उभे आहेत. एका बाटलीत पाणी, आम्ल, विरघळवणारं द्रव्य आणि राळ कोंबली की ती राळ पाणी ओढणारी होते आणि कालांतराने फुगते, झिजते. २०११-१२ पासून आलेले ‘युनिव्हर्सल’ गोंद यातून बरेच सावरले आहेत. पण तेही वीस सेकंद नीट चोळावे लागतात आणि वरची लाट थांबेपर्यंत फुंकर मारून सुकवावे लागतात. घाईच्या ओपीडीत नेमकी ही सेकंदं वाचवली जातात.

सांधा तुटतो तो नेहमी चिक्कीनेच नव्हे. अमेरिकेतल्या डेव्हिड पॅशली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं, की डेंटिनमध्ये आधीपासून झोपलेली काही विकरं असतात. आम्ल त्यांना जागं करतं आणि राळेने नीट न झाकलेले कोलॅजेनचे धागे ती हळूहळू कुरतडतात. म्हणजे घरातलाच माणूस सांधा पोखरतो. क्लोरहेक्सिडीन हे गुळण्यांच्या औषधातलं द्रव्य या विकरांना आवर घालतं, म्हणून काही डॉक्टर गोंदाआधी ते लावून घेतात.

दुसरा शत्रू ऐकून गंमत वाटेल: लवंग. दातांच्या दवाखान्यातला तो ओळखीचा वास लवंगेतल्या युजेनॉलचा. तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते असतं आणि ठणका शांत करतं. पण राळ घट्ट होण्याची जी साखळी-प्रक्रिया आहे, ती युजेनॉल मधेच तोडतं. तात्पुरतं सिमेंट नीट खरवडून काढलं नाही, तर वरची राळ अर्धवटच घट्ट होते. दात पांढरे करायच्या औषधातला प्राणवायूही असाच आड येतो, म्हणून ब्लीचिंगनंतर चिकटवायचं काम एक-दोन आठवडे थांबवतात.

इथवर दाताची बाजू झाली. वर बसणाऱ्या वस्तूचीही तयारी तेवढीच. १९३०च्या दशकात हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य दातांवर बसवायचे पातळ पापुद्रे बनवत आणि ते कवळीच्या पावडरने चिकटवत. शॉट संपला की काढायचे, जेवायला बसायचे. हे पापुद्रे कायमचे झाले ते १९८३ च्या सुमारास, चिनी मातीच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक आम्ल लावून तिलाही टाकी लावता येते, हे कळल्यावर. वर सिलेन नावाचा दुवा लावायचा, तो काचेला आणि राळेला दोघांनाही धरतो. अशा व्हिनियरसाठी दाताचा ३ ते ३० टक्केच भाग घासावा लागतो. कॅपचे ६० ते ७० टक्के आठवा, म्हणजे या गोंदाने दाताचं काय वाचवलं ते कळेल.

झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकमध्ये काच नाही, त्यामुळे त्याच्यावर हे आम्ल चालत नाही. माझी कॅप झिर्कोनियाची. बाईंनी ती आतून ॲल्युमिनाच्या बारीक वाळूच्या फवाऱ्याने खरखरीत करून घेतली आणि मग लावला तोच एमडीपी. त्याचं फॉस्फेट झिर्कोनियालाही धरतं. पण लाळेतही फॉस्फेटं असतात आणि झिर्कोनिया त्यांनाही तेवढ्याच प्रेमाने धरतो. म्हणून तोंडात मापून पाहिलेली कॅप फवाऱ्यानेच पुन्हा साफ करावी लागते. चुकून फॉस्फोरिक आम्लाने धुतली तर आगीत तेल.

आणि लाळ! या सगळ्या कारभारावर पाणी फिरवायला तिचा एक ओघळ पुरतो. त्यावरचा उपाय सगळ्यांत जुना आहे. १८६४ साली न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी रबराच्या पातळ पडद्याला भोक पाडून त्यातून दात वर काढला. बाकीचं तोंड पडद्याआड. आजही याहून चांगलं साधन नाही, आणि आपल्याकडे रोगी सगळ्यांत जास्त कुरकुर करतात तीही याच्याच नावाने. श्वास कोंडल्यासारखं वाटतं, हे मीही अनुभवलं. नाकाने श्वास घेत राहिलं की पाचेक मिनिटांत सवय होते.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातात चांदी भरणं, मोजके अपवाद सोडून, थांबवलं. कारण त्यातला पारा. ज्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटेवर हे पाऊल पडलं, त्याला पाऱ्याच्या विषबाधेने होरपळलेल्या जपानी मिनामाता गावाचं नाव आहे, आणि भारतही त्या करारात आहे. म्हणजे यापुढे आपल्याकडेही दातात जे भरलं जाईल, ते अडकवलेलं कमी आणि चिकटवलेलं जास्त असेल.

तेव्हा कधी कॅप निघालीच, तर ती स्वच्छ धुऊन डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या. घरी फेविक्विकने चिकटवू नका. तो थर नंतर काढताना दात आणि कॅप दोन्ही खराब होतात, आणि ती वाकडी बसली तर चावताना रोज ठणकेल. आणि खुर्चीवर बसल्यावर डॉक्टरांनी रबराचा पडदा हातात घेतला, तर नको म्हणू नका. तोंड उघडं ठेवा, जीभ आवरा, नाकाने श्वास घ्या.